झोपून पाहिलेले कूलर

त्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याच्या रस्त्यावर भर दुपारी कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, आणि नेमकी त्याच वेळी गोपिका आपल्या कामाला लागायची. म्हणजे सतरंजी टाकून झोपायची.

हसू नका. ते खरंच तिचं काम होतं.

तलावाच्या वाटेवर भैयाजींचा छापखाना होता. तिथून दर रविवारी 'शेजार' नावाचा चार पानी अंक निघायचा. लग्नं, बारशी, नळ कधी येणार, कोणाची शेळी हरवली, असं सगळं त्यात असे, आणि शेवटच्या पानावर 'काय घ्यावं?'. ते पान दहावीत जाणाऱ्या गोपिकाचं. बाजारातल्या एकाच जातीच्या तीन-चार वस्तू ती आणायची, वापरून बघायची आणि कोणती घ्यावी, कोणती नको, ते सांगायची. पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन छापलेला असायचा. तो कापून दुकानात दाखवला की गिऱ्हाइकाला थोडी सूट मिळे आणि भैयाजींना दुकानदाराकडून कमिशन. शेवयांच्या यंत्रांवर तिनं लिहिलं, तेव्हा पार नंदनवन वस्तीतल्या बायका हातात तो चौकोन घेऊन दुकानात उभ्या राहिल्या. "गोपिकानं लिहिलं तेच दाखवा, दुसरं नको." तेव्हापासून ही पोरगी रस्त्यानं अशी चालायची, जणू रस्ता तिच्यासाठीच झाडून ठेवलाय.

आता पाळी कूलरची होती.

"पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, आत पंखा अन् खाली पाणी," आई म्हणाली. "सारे एकसारखेच तर असतात. त्यात काय लिहिशील वं?"

"आई, कूलर कशाले असते? झोप याले. मग झोपूनच पाहिलं पाहिजे ना!"

"बाप्पा! पोट्टीनं झोपायचंही काम करून ठेवलं."

पण हे म्हणताना आई, म्हणजे इंदूबाई, हसल्या नाहीत. कारण यंदा कूलर त्यांच्याच घरी यायचा होता, तोही एकच, आणि तो बाबांसाठी.

बाबा, म्हणजे रुपराव, कोराडीच्या वीजघरात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. रात्रपाळी असली की सकाळी भुवयांत राख घेऊन घरी यायचे आणि तापलेल्या खोलीत संध्याकाळपर्यंत कूस बदलत पडायचे. एकदा परतीच्या बसमध्ये असा डोळा लागला, की बसनं त्यांना घरापाशी आणलं आणि तसंच परत कोराडीला नेलं. सगळी आळी हसली. बाबाही हसले. मग चुलीपाशी बसून हळूच म्हणाले, "बसचं काही नाही गं. काल पट्टा चालू होता अन् मी उभ्या उभ्या झोपलो. जागा झालो तेव्हा बाही पट्ट्याले लागून राहिली होती."

आईच्या हातातली भाकर तशीच थांबली. गोपिकानं ते पाहिलं. त्या क्षणी तिला वाटलं, आजवर जे लिहिलं ते सगळं शेवया अन् दप्तरं. खरं लिहायचं ते आता.

"पोरगी ज्याले पहिला नंबर देईल, तोच आपल्या घरी," बाबांनी जाहीर केलं.

त्या आठवड्यात त्यांची सकाळपाळी होती, म्हणून दुपारची खोली गोपिकाची. एकेक कूलर हातठेल्यावरून आला, खिडकीत बसला आणि तिला झोपेत घेऊन गेला.

पहिला दुकानदार मनोहररावांचा. त्याला आवाजच नव्हता. वाळा ओला झाला आणि खोलीला मातीच्या घागरीतल्या पाण्यासारखा वास आला. गोपिकाची सतरंजी हलकेच उचलली गेली. उंबऱ्यावरून, गल्लीतून, थेट तलावावर. पाणी हिरवं होतं आणि आतून उजेड येत होता. कमळाचं एकेक पान सरकून तिला वाट देत होतं. कोणीतरी लांबून तिचं नाव घेत होतं, पण ते नाव तिचं नव्हतं, त्याहून लांब आणि सुंदर होतं. जागी झाली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि गाल थंडगार होता.

दुसरा नंदनवनातल्या दुकानाचा. वारा मोठा, पण मधूनच तोंडावर थेंब उडवायचा. त्याच्या स्वप्नात शाळेत पाणी भरलं आणि गणिताच्या बाई फळ्यावर मासे काढू लागल्या. बरं होतं, पण उशी ओली झाली.

तिसरा चंपतरावांचा. जुन्या पिंपांचा पत्रा ठोकून ते स्वतः कूलर बनवायचे. तो सुरू झाला आणि भिंतीवरची तसबीर हलायला लागली. स्वप्न दारापाशी आलं असेल, पण आवाज ऐकून पळून गेलं. गोपिकानं कानांवर उशी दाबली, मग उठून बसली आणि तिथल्या तिथे लिहून टाकलं: "हा कूलर नव्हे, पिठाची गिरणी आहे. गहू टाकल्यास पीठ मिळेल, झोप मात्र मिळणार नाही."

लिहिल्यावर आपल्याच वाक्यावर ती इतकी खूश झाली की आईला दोनदा वाचून दाखवलं.

भैयाजी तर टेबलावर हात आपटून हसले. "वा वा! अन् मनोहरराव पहिला, हे बेस झालं. कमिशनही त्याचंच सगळ्यात जास्त."

"मी कमिशन पाहून नंबर नाही देत, भैयाजी."

"मले ठाऊक आहे ना बाई. म्हणून तर बेस झालं म्हणतो!"

अंक निघाला. चौकोन कापले गेले. मनोहररावांचा कूलर गोपिकाच्याही घरी आला, आणि सोमवारपासून बाबांची रात्रपाळी लागली.

"कशी झोप झाली?" पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं.

"एक नंबर," बाबा म्हणाले. "तू लिहिलं तसंच, तलावावर गेल्यासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशीही एक नंबर. तिसऱ्या दिवशीही. फक्त त्यांचे डोळे खोल जात चालले होते आणि चहा पिता पिता मान बशीवर कलत होती. एका दुपारी गोपिका पाणी प्यायला आत आली. खोली निळसर, गार, वाळ्याच्या वासानं भरलेली. बाबा डोळे मिटून पडले होते. ती दाराशीच उभी राहिली. वाऱ्याची हलकी सळसळ क्षणभर मंदावली आणि बाबांचे डोळे टक्क उघडले. ते अर्धे उठले, कूलरकडे बघितलं, हात लावून पाहिला, परत पडले आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

बाबा झोपत नव्हते. तिच्या पहिल्या नंबरसाठी झोपेचं सोंग करत होते.

ती अंगणात येऊन बसली. ऊन इतकं होतं की समोरची भिंत पाण्यासारखी हलत होती, आणि डोळ्यांपुढे एकसारखी ती बाही येत होती, पट्ट्याला लागलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाट रिकामीच होती.

"आई, बाबा कुठं गेले?"

"इथंच तर झोपले होते!" इंदूबाई पदर डोक्यावर घेत उठल्या. "अशा उन्हात गेले कुठं हे?"

गोपिका ओला रुमाल डोक्याला बांधून निघाली. गल्ली पांढरी पडली होती, आपल्या पावलांचा आवाजही तिला दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटत होता. पानठेला बंद, छापखाना बंद. एकाच ठिकाणाहून आवाज येत होता, ठाण ठाण ठाण, आणि त्याच्याखाली घरघर घरघर.

"या लेखिकाबाई, या!" चंपतराव हातोडी घेऊन दारात उभे होते. "दळण आणलं का?"

गोपिकाचा चेहरा उतरला. "काका, मी बाबांना शोधून राहिली."

"आधी माझं ऐक. तुझ्या लिहिण्यापासून पोट्टे रस्त्यावरून ओरडतात, 'काका, ज्वारी दळून द्याल का?' एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. मनोहररावनं काय देल्लं तुले?"

"काही नाही! शप्पथ! मी झोपून पाहिलं, काका."

"अन् मी बनवून पाहिलं. आवाज करते, कबूल आहे. पण गार करते का नाही?" ते एकदम आवाज खाली आणून हसले. "तुझा बाप मघाशी आला माझ्याकडं. म्हणे, पोरीचं लेकरपण आहे, राग धरू नका. मी म्हटलं बसा, चहा सांगतो. चहा येईपर्यंत... ते पाहा."

आत पत्र्यांच्या थप्पीमागे, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बाबा झोपले होते. त्यांच्या डोक्याशी तोच कूलर धडधडत होता, शेजारी चंपतरावांचा कारागीर पत्रा ठोकत होता, आणि बाबांचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं. हात पोत्याबाहेर लोंबत होता. कपाळावरच्या आठ्या कोणीतरी हातानं पुसून टाकल्यासारख्या गेल्या होत्या.

तेवढ्यात कारागीर पाणी प्यायला थांबला. ठोकणं बंद झालं. बाबांची पापणी थरथरली.

"ठोका, ठोका!" गोपिका ओरडली. "थांबू नका!"

ठोकणं सुरू झालं आणि बाबा पुन्हा खोल बुडाले.

संध्याकाळी ते दोघं घरी चालत आले, तेव्हा बाबांची चाल वेगळीच होती. "रागावली का वं?" त्यांनी विचारलं.

"मले सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? एवढं छान लिहिलं होतं तू." ते जरा चालले. "तिकडं रात्रभर आवाज असतो, गोपा. पट्टा चालतो, वर मशीन घोंघावते. आवाज आहे तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की आम्ही पळतो, काय बिघडलं म्हणून. तुझा कूलर लय शहाणा. इतका चुपचाप की मी पडल्या पडल्या वाट पाहतो, हा बंद पडला का काय."

गोपिकाला हसू आलं आणि रडूही. तलावावर जाऊन आली होती ती. बाबांचा तलाव कुठे आहे, ते तिनं विचारलंच नव्हतं.

भैयाजींनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "छापलेलं कोणी फिरवते का? अन् चंपतराव एक पैसा कमिशन देत नाही."

"मनोहररावांचा कूलर वाईट नाही, भैयाजी. माझ्यासाठी तो पहिलाच. पण मी एकटीच झोपली अन् बाकीच्यांनी जागावं का?"

"चंपतरावचा चौकोन छापणार नाही मी. धंदा आहे हा."

"चौकोन नका छापू. नाव छापा. नाहीतर पान दुसऱ्याले द्या."

बोलून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली. भैयाजींनी चष्मा पुसून परत नाकावर चढवला. मग म्हणाले, "गिरणीचं वाक्य तेवढं ठेव. मस्त होतं."

"तेच पहिलं काढणार आहे," गोपिका म्हणाली.

नव्या पानाची सुरुवात तिनं अशी केली: "कूलर घेण्याआधी दुकानात विचारू नका, घरात विचारा. तुमच्याकडे दुपारी झोपणारं माणूस रात्रभर काय ऐकून येतं? गिरणीतून, वीजघरातून, रेल्वेतून येणाऱ्यांसाठी चंपतरावांचा कूलर. तान्हं बाळ असेल तर मनोहररावांचा. मागच्या वेळी मी फक्त माझीच झोप मोजली."

शेजारच्या सुभद्राकाकूंकडे तान्हं बाळ होतंच. आवाज न करणारा कूलर भिंतीपलीकडे गेला. चंपतरावांचा खिडकीत आला. तसबीर काढून ठेवावी लागली.

त्या दुपारी गोपिका झोपली नाही. खाटेच्या पायाशी बसून ती बाबांची झोप बघत राहिली. वाळ्यातून पाणी ठिबकत होतं, पत्रा गुरगुरत होता, खोलीभर हिरवट उजेड डुलत होता आणि बाबा कुठेतरी लांब, खूप लांब गेले होते. ओठ हलले, कोणाशी तरी बोलले, हसले.

आई आत आली. खोली पुरेशी गार झाली होती, आणि आवाजानं तिचं डोकं उठलं होतं. तिनं बटणाकडे हात नेला.

गोपिकानं झडप घालून तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. धडधडाटात शब्द ऐकू आला नसता. तिनं बाबांकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग दोन्ही तळवे गालाखाली ठेवले.

इंदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. मग पदरानं घाम पुसला, लेकीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि हळूहळू, त्या सगळ्या गोंगाटात, त्यांची मान तिच्या खांद्यावर कलली.