घरून आलेली मागणी

धाकट्याची एक खोड मोठीबाईंच्या डोक्यात जायची. माणूस समोर उभं राहून बोलतंय आणि हा आपला फोनच्या पडद्याकडे बघत हं हं करतोय. पोटचा पोर होता म्हणून, नाहीतर त्यांनी कधीच कान उपटला असता.

बाप गेल्यावर ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवायचं दुकान त्याच्या हाती आलं आणि दुकानात माणसांपेक्षा आकडे जास्त झाले. वेबसाइटवर कुणी नुसतं बटण दाबलं, तरी त्याची नोंद थेट इंटरनेटवरच्या, क्लाउडमधल्या गोदामात जाऊन पडायची. असलं कसलं गोदाम, ना भिंत ना कुलूप, उंदीरसुद्धा फिरकायचा नाही, असं मोठीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. तिथूनच मागण्या सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या फोनवर जात. घरातली मंडळी उगाच बटणं दाबून आकडे बिघडवतात, म्हणून घरच्या वायफायवरून आलेली प्रत्येक नोंद आपोआप बाजूला पडेल अशी सोय धाकट्याने केली होती. आकडे कसे स्वच्छ झाले, हे तो जेवताना कौतुकाने सांगायचा.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची काकू राहायची, मोठीबाईंची जाऊ. फुप्फुसं निकामी होत आलेली, नाकाला कायमची नळी. सिलिंडर संपत आला की ती जमिनीवर काठी आपटायची. गिऱ्हाइकांसमोर धाकट्याला त्याची लाज वाटे. एक दिवस त्याने वर जाऊन सुनावलं, सगळ्यांसारखं फोनवर वेबसाइटचं बटण दाबून मागवायचं, काठी नाही, हाका नाहीत. वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का, म्हणून मोठीबाईंनी त्याला झापलं. तो पडद्याकडे बघत हं म्हणाला. जाऊ पण भारी मानी. तिने काठी कपाटामागे टाकून दिली ती दिलीच.

त्या दुपारी मोठीबाई दूध घेऊन वर गेल्या, तर जाऊ खुर्चीत तशीच. ओठ काळेनिळे, सिलिंडरचा काटा शून्यावर, मांडीवर फोन. त्यावरची हिरवी अक्षरं मोठीबाईंनी एकेक करून लावली. मागणी मिळाली. आणि त्या खुर्चीच्या बरोबर खाली, दुकानात, भरलेले सिलिंडर रांगेने उभे होते.

डॉक्टर येऊन मान हलवून गेले. गाडीवाला शपथा घेऊन सांगत होता की त्याला मागणी आलीच नाही. खोटं बोलत नव्हता बिचारा. धाकट्याने लॅपटॉप उघडून शोधलं. सकाळपासून काकूने पुन्हा पुन्हा बटण दाबलं होतं. एकूण एक नोंद गोदामात पोचली होती, आणि घरची म्हणून बाजूला पडली होती.

हे त्याने आईला सांगितलं, तेही मान वर न करता. वर म्हणाला, यंत्रणेने सांगितलं तेवढंच केलं, काकूनेच एक हाक मारायला हवी होती.

मोठीबाईंनी लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. तेव्हा कुठे त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“हाक मारू नको म्हणालास, तिनं नाही मारली. तुझं ऐकलं म्हणून मेली ती. आता या घरात तुझं कुणी ऐकायचं नाही. किल्ल्या ठेव इथं, आणि तिला खांदा द्यायला पुढे येऊ नकोस.”