रबर मारला, चालू

मोतीबाईने नळाखालून चांदीचा वाळा काढला, अंगठ्याने चोळला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. राखेने दोनदा घासूनही कडेला निळसर काळी झाक उरलीच होती.

"बाय, या घरान चांदी टिकत नाय," ती म्हणाली. "आदीच्या बाईची पैंजणा पन अशीच झालेली. लेकराला नको ठेवू हिकडं."

मीनल तेव्हा हसली होती. राही चार महिन्यांची होती, घर त्यांच्यासाठी नवं होतं, आणि त्यांच्याकडे भांडी घासायला लागून आठवडाही न झालेल्या बाईने घराला नावं ठेवावीत याची तिला गंमत वाटली होती. सासूबाईंना तर चांदी काळी पडते याचं समाधानच वाटलं. दृष्ट चांदीने ओढून घेतली, पोर सुटली, असा त्यांचा हिशेब. दर सोमवारी त्या दंतमंजनाने वाळे लख्ख करायच्या आणि पुन्हा राहीच्या पायांत घालायच्या. दिवाळीनंतर त्या मोठ्या दिरांकडे राहायला गेल्या आणि सोमवारचं काम मीनलकडे आलं. तीही मुकाट्याने घासत राहिली.

आता जानेवारी संपत आला होता. राही अकरा महिन्यांची झाली होती. ती झोळीत झोपली होती आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. मीनल एका हाताने झोळीची दोरी हलवत होती, आणि तिचं लक्ष समोरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे होतं.

"परत चालू करा, वहिनी. आवाज ऐकू द्या मला," गुरुदत्त म्हणाला.

तिने बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीन काळीच राहिली. आतून एक लांब शिट्टी आली, मग दोन आखूड.

"एक लांब, दोन छोट्या. डिस्प्ले कार्ड." गुरुदत्तने मान हलवली. "मशीन आपलं दुखणं स्वतःच सांगतं बघा. माणसांचं तसं नसतं."

गुरुदत्त उल्हासनगरातल्या कॅम्प तीनमधल्या चंदूशेठच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून यायचा. तिशीचा, सडपातळ, खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर. ऑगस्टपासून ही त्याची सहावी खेप होती. दर वेळी सुरुवात सारखीच असायची. आधी स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या रेघा, मग टाइप करता करता पान जागच्या जागी गोठायचं, आणि दोन-चार दिवसांत मशीन सुरू व्हायलाच नकार द्यायचं. मीनल घरी बसून टायपिंग करायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, आणि सध्या उल्हासनगरच्या एका प्राध्यापकांचा प्रबंध. सोमवारी तो द्यायचा होता. पण आज सकाळपासून तिला प्रबंधाची आठवणही आली नव्हती. काल रात्री राहीचे ओठ क्षणभर निळे दिसले होते. तिचा नवरा श्रीपाद म्हणाला, दिव्याचा उजेड तसा आहे. तो पहिल्या पाळीला निघून गेला. डॉक्टर बाळदमा म्हणत होते. दर आठ दिवसांनी औषधाची बाटली बदलत होते आणि घरात कोणाला दमा होता का, हे दर वेळी नव्याने विचारत होते. कोणाला नव्हता.

गुरुदत्तने कॅबिनेटचं झाकण काढलं, कार्डाचा स्क्रू सैल केला आणि कार्ड हलक्या हाताने उपसलं. खालच्या कडेचे सोनेरी दात काळे पडले होते.

"बघा, वाट लागली. महिना पण नाही झाला." त्याने खिशातून शाळेचा पांढरा खोडरबर काढला आणि दात घासू लागला. रबराच्या काळ्या वळ्या टेबलावर पडत गेल्या. "हे तिसरं कार्ड आहे तुमचं. चंदूशेठ मला बोलतात, तू कार्ड बसवतो की खातो. मी बोललो, शेठ, माल हलका आहे, सोन्याचं पाणी नुसतं दाखवायला. ते बोलतात, हाच माल कल्याणला लावलाय, तिकडून एक फोन नाही."

"मग आपल्याकडेच का?"

"गिऱ्हाईक धूळ साफ करत नाही, असं शेठचं म्हणणं. तुमच्याकडे तर मला धूळ दिसत नाही." त्याने कार्डावर फुंकर मारली. "आपली पद्धत सोपी असते, वहिनी. कार्ड काढायचं, दुसऱ्या मशीनला लावायचं. तिकडे पण मेलं तर दोष कार्डात. तिकडे चाललं तर दोष कार्डात नाही."

"आणि मग कशात?"

"जिथून काढलं तिथे."

झोळीत राही खोकली. कोरडा, लागोपाठ खोकला. मीनल उठली, तिला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर हात फिरवत उभी राहिली. गुरुदत्तने घासणं थांबवलं. खोकला थांबल्यावर त्याने पुन्हा रबर उचलला.

"पहिलं कार्ड कुठे आहे?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"ऑगस्टमध्ये तुम्ही काढून नेलं ते. खराब म्हणून."

"ते होय. ते दुकानात आहे, बिलिंगच्या मशीनला. एकदा रबर मारून लावलं, तेव्हापासून रोज बारा तास चालतंय. काही नाही झालं त्याला."

मीनलचा पाठीवरचा हात थांबला.

नोव्हेंबरात ती राहीला घेऊन माहेरी, बदलापूरला पंधरा दिवस राहिली होती. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. आई म्हणाली, आजीच्या हातचं लागतं पोरीला. परत आली आणि चौथ्या दिवशी पुन्हा शिट्टी. संक्रांतीला पुन्हा पाच दिवस तिकडे, पुन्हा राही दिवसभर हसत-रांगत. डॉक्टरांना ती हे सांगायला गेली तेव्हा त्यांनी प्रवासाची दगदग टाळा म्हणून सांगितलं होतं. दोन वेळा. तिने स्वतःच पोरगी दुसरीकडे लावून पाहिली होती, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा उत्तर समोर आलेलं होतं.

ती टेबलाकडे वळली. राहीच्या पायातला वाळा काढून तिने टेबलावर, कार्डाशेजारी ठेवला. मागच्या सोमवारीच घासलेला. कार्डाचे जे दात गुरुदत्तने अजून घासले नव्हते त्यांचा आणि वाळ्याचा काळा रंग अगदी एक होता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने हायड्रोजन सल्फाइड वायू बनवायचं किपचं उपकरण चालवलं होतं. सडक्या अंड्यांचा वास, नाकाला रुमाल, आणि काचेच्या नळीतून येणाऱ्या वायूखाली धरलेली चांदीची पट्टी. अर्ध्या मिनिटात काळी. जर्नलमध्ये तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि सरांनी दहापैकी नऊ दिले होते. त्याच हातांनी दिवाळीपासून ती दंतमंजन चोळत होती.

खिडकी उघडी होती. मशीन तापतं म्हणून गुरुदत्तनेच ती उघडी ठेवायला सांगितली होती, आणि वारा लागावा म्हणून झोळीही तिच्याशेजारीच टांगली होती. खिडकीखाली नाला होता. आज त्याचं पाणी विटकरी होतं. परवा निळं होतं. रात्री टँकर येऊन नाल्यात काहीतरी ओततात, असं वॉचमन म्हणायचा. कुठले, ते त्याला ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं.

मीनलने खिडकी लावली. कडी घट्ट बसेना तेव्हा फटीत टॉवेल कोंबला.

"तुम्हाला इथे वास येतो?" तिने विचारलं.

गुरुदत्तने नाक वर करून श्वास घेतला. "पहिल्या खेपेला आलेला. आता काही कळत नाही. सवय."

"मलाही कळत नाही."

मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, की असं रबर मारायला त्याला आणखी कुठे कुठे जावं लागतं. गुरुदत्तने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. चंदूशेठचा नियम होता: प्रत्येक खेप लिहायची, तारीख, पत्ता, काय झालं, काय केलं. शेवटच्या रकान्यात पानामागून पान एकच ओळ होती. रबर मारला, चालू.

मीनलने प्रबंधाचं एक रद्द झालेलं पान उलटं केलं आणि त्यावर पेन्सिलीने नाल्याची वाकडी रेघ ओढली. राही तिच्या कडेवर होती. ती पेन्सिलीला हात घालत होती. "सांगा एकेक," ती म्हणाली.

तो वाचू लागला, ती खुणा करू लागली. पुलाजवळचा फोटो स्टुडिओ, चार वेळा. कॅम्प तीनच्या मागच्या गल्लीतला जीन्सवाला, पाच वेळा. कॅम्प एकमधला कॉम्प्युटर क्लास, आठ मशीन, दर महिन्याला. मधेच तिने नाल्यापासून लांबच्या, स्टेशनसमोरच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचं विचारलं.

"दोन वर्षांत एकदा. ते पण उंदराने वायर कुरतडली म्हणून."

सुरुवातीला तो मजेत वाचत होता. सातव्या खुणेला त्याचा आवाज उतरला. कागदावरच्या फुल्या रेघेला चिकटून एकापाठोपाठ एक बसत होत्या, आणि रेघेपासून दूर कागद कोरा होता.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग भानावर येऊन, "सॉरी, वहिनी." त्याने कार्ड उचललं, फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "क्लासमध्ये चाळीस पोरं बसतात. मी त्यांच्या सरला बोलत होतो, तुम्ही मशीनवर कापड घालत नाही."

मीनलने शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पाठवलं आणि ती आत गेली. तिने राहीची दुपटी, औषधं आणि दोन साड्या पिशवीत भरल्या. श्रीपादला काय सांगायचं याचा तिने मनात पाठ सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला. घर त्याने हौसेने घेतलं होतं. कारखान्यांच्या गावात कारखान्यांचा वास येणारच, असं तो म्हणायचा, आणि त्याचं म्हणणं घरात चालायचं. तिने बाहेर येऊन दुसरा वाळाही काढला आणि दोन्ही वाळे त्या कागदावर ठेवले. चिठ्ठी लिहिली नाही. "ते कार्ड इथेच राहू द्या," ती म्हणाली. "न घासलेली बाजू वर करून."

"म्हणजे मशीन चालू नाही करायचं?"

"नाही."

"आणि तुमचं सोमवारचं काम?"

"फ्लॉपीवर आहे. बघू."

गुरुदत्त वही मिटत होता. तिने त्याच्या हातातून ती घेतली आणि पुन्हा चाळली. एका पानावर तिचं बोट थांबलं. सौ. कुंदा, पुलाखालची चाळ, तळमजला, टायपिंग. सप्टेंबरात दोन खेपा, ऑक्टोबरात दोन, नोव्हेंबरात तीन. त्यानंतर काही नाही.

"यांनी मशीन विकलं?"

"माहीत नाही. फोन यायचा बंद झाला. मला वाटलं दुसरा माणूस धरला असेल, स्वस्तातला. एकटीच असते. नवरा गल्फला. नाला अगदी दाराशी, पावसात घरात येतो."

"एकटीच?"

त्याने मान खाली घातली. स्क्रू-ड्रायव्हर खिशात नीट बसवला, पुन्हा काढला.

"मूल आहे," तो म्हणाला. "अजून बसता पण येत नव्हतं. मी रबर मारायचो तेव्हा ते खोकायचं, आणि ती बोलायची, हळू मारा भाऊ, धूळ उडते."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. शेजारच्या पोराने सांगितल्याप्रमाणे ती गेटपाशी आणून उभी केली होती. मीनलने राहीला टोपडं घातलं, तोंडावरून पातळ ओढणी घेतली आणि पिशवी खांद्याला लावली. दार ओढून घेण्याआधी तिने वहीतून एक चतकोर कागद फाडला, त्यावर बदलापूरचा नंबर लिहिला आणि तो गुरुदत्तच्या हातात दिला.

"शेजाऱ्यांचा फोन आहे, पण हाक मारतात. तुम्ही आता दुकानात जाऊ नका. आधी तिच्याकडे जा."

"जाऊन काय सांगू, वहिनी? बोलावलं नाही तिने."

"कार्ड बघायला आलो म्हणा, दार उघडेल. मशीन सावकाश खोला. आणि मूल कसा श्वास घेतंय ते नीट ऐका." तिने ओढणीखाली हात घालून राहीच्या छातीवर तळवा ठेवला. "घराला कुलूप असलं, तर शेजारी विचारा. पण विचारल्याशिवाय परत फिरू नका."