सोफ्याआडचं पापनिवेदन

"हसायचं नाही. फादर हसत नाहीत," गोटीने बजावलं.

सोफावाल्याने हसू गिळलं. उसवलेल्या सोफ्याच्या मागे तो स्टुलावर बसला होता आणि पुढच्या बाजूला त्याची लेक गुडघे टेकून. सोफ्याचं कापड, फोम, गोणपाट सगळं निघालं होतं. उरला होता तो लाकडी सांगाडा आणि पाठीला आडव्याउभ्या ताणलेल्या पट्ट्यांची जाळी. चर्चमध्ये फादर आणि पापनिवेदन करणारा यांच्यामध्ये असते तशी जाळी बापाच्या दुकानात आयती मिळाल्यावर गोटी कसली ऐकते! पुढच्या रविवारी तिचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चच्या मिस्सात, प्रार्थनाविधीत, प्रसादाचा पाव पहिल्यांदा घ्यायचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी पहिलं पापनिवेदन, आणि धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी घरी सराव करून यायला सांगितलं होतं. आईची दवाखान्यात दुपारची ड्यूटी, म्हणून फादर व्हायची पाळी बाबावर आली.

"सुरू करू, फादर?"

"कर, बाळा."

"बाळा नाही. 'माझ्या मुली' म्हणायचं."

"कर, माझ्या मुली."

गोटीने घसा साफ केला. आईशी खोटं बोलले. शेजारणीचा खडू मोडला आणि सांगितलं नाही. मिस्सा चालू असताना डोळे मिटले, पण प्रार्थनेसाठी नाही, झोपेसाठी. एवढी भरगच्च पापं ऐकून बापाचा ऊर भरून आला. जन्मली तेव्हा अशी गोल गरगरीत होती की नर्सनेच तिला गोटी म्हटलं, आणि ती नर्स तिची आईच असल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती नऊ वर्षांची होती. गाल अजून तसेच होते. निदान त्याला तसं वाटत होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"अजून एक आहे." आवाज एकदम खाली आला. "मी डबा खात नाही. अंडं टाकून देते."

"टाकून? कुठे?"

"नळाजवळच्या पिंपात. पाव नाही टाकत. पाव येशूचा असतो ना. पाव मैत्रिणीला देते."

सोफावाल्याचा हात मांडीवरच्या हातोडीवर थबकला. "का गं?"

"'का गं' नाही म्हणायचं."

"का, माझ्या मुली?"

"फ्रॉक बसत नाही म्हणून. आई म्हणाली, थोडे दिवस खाण्यावर हात आखडता घे, म्हणजे बसेल. मी घेते. पण परवा खेळाच्या तासाला डोळ्यांसमोर अंधार आला. मग मी पायरीवर बसले आणि पाय मुरगळला असं सांगितलं. म्हणजे ते पण खोटं. ते धरून खोटं दोनदा झालं."

पट्ट्यांच्या फटींतून त्याला तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. रोज संध्याकाळी तो तिचा रिकामा डबा धुवायला घ्यायचा आणि पोरगी चाटूनपुसून खाते म्हणून खूश व्हायचा.

"आईला सांगू या का आपण? दोघं मिळून?"

जाळीपलीकडचं कपाळ पट्ट्यांच्या आणखी जवळ आलं. "सिस्टर म्हणाल्या, पापनिवेदनात सांगितलेलं फादर कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाहीत. मान कापली तरी. तुम्ही पण नाही सांगायचं."

हा खेळ आहे, मी फादर नाही, तुझा बाप आहे, एवढं म्हणायला काही त्याला जड नव्हतं. पण एरवी गोटी त्याला 'तू' म्हणायची. आता ती 'तुम्ही' म्हणत होती, आणि खरं सांगायला तिला समोर चेहरा नको होता, म्हणून तर ती इथवर आली होती. आज आपण हे फोडलं तर पुढे ती कुणालाच काही सांगणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. त्या भीतीपोटीच तो बोलून गेला, "नाही सांगणार."

"शप्पथ?"

"फादर शपथ घेत नाहीत. पण तुला प्रायश्चित्त देतो. उद्यापासून डबा पूर्ण खायचा."

"प्रायश्चित्तात प्रार्थना देतात."

"एक प्रार्थना, आणि डबा."

"आणि फ्रॉक?"

"फ्रॉकचं मी बघतो," सोफावाला म्हणाला, आणि तिथेच चुकला.

तो फ्रॉक म्हणजे घरातली सगळ्यात मानाची वस्तू. गोटीच्या आजीने आपल्या थोरल्या लेकीच्या, म्हणजे गोटीच्या आईच्या, पहिल्या कम्युनियनसाठी तो हाताने शिवला होता. मग तो धाकट्या मावशीने घातला आणि मग इतकी वर्षं पातळ कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात राहिला. आजी आता नव्हती. तिच्या हातचं घरात हे एवढंच. गोटीची आई तो कधीमधी बाहेर काढायची, झटकायची आणि पुन्हा ठेवायची. चर्चच्या मधल्या वाटेने आपली लेक तो घालून वेदीकडे चालत जाईल, याचं चित्र तिच्या मनात लेक जन्मल्यापासून पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेल्यावर सोफावाल्याने फ्रॉक दुकानात आणला. आधी हात स्वच्छ धुतले, मग पुन्हा धुतले. शिवणीत थोडंफार जादा कापड दाबलेलं असेल, ते सोडलं की काम झालं, असा त्याचा हिशेब. फ्रॉक उलटा केला आणि त्याचा चेहरा पडला. सासूबाईंनी बोटभरही कापड शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या काळी जेवढं मिळालं तेवढ्यात बसवलेला तो फ्रॉक होता. मग दोन्ही काखांखालची शिवण उसवून आत पट्टी घालण्यावाचून इलाज नव्हता. त्याच्याकडे अस्तराचं पांढरं कापड होतं. कापड मऊ होतं, रंगही पांढराच. शिवून होईपर्यंत त्याला दोन्ही पांढरे सारखेच दिसत होते. उजेडात धरला तेव्हा जुना पांढरा सायीसारखा आणि नवा पांढरा चुन्यासारखा उठून दिसला. टाके भक्कम होते. त्यांच्यावर खुशाल चार माणसं बसली असती.

त्याने फ्रॉक कागदात गुंडाळून जागेवर ठेवला आणि देवावर हवाला ठेवला.

देवाने फार वेळ घेतला नाही. संध्याकाळी बायकोने फ्रॉक इस्त्री करायला काढला. स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सोफावाल्याला तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. ती काम करताना गुणगुणायची. तो बाहेर आला तेव्हा ती पलंगावर बसली होती, फ्रॉक मांडीवर उलटा.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"माझ्या आईच्या हातची शिवण होती ही." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "इतक्या वर्षांत तू माझ्या कपाटाला कधी विचारल्याशिवाय हात लावला नाहीस. आज काय अंगात आलं तुझ्या?"

"घट्ट होत होता तिला."

"सैल झाला असता. मी सांगितलं होतं तिला काय करायचं ते. एवढं तर कळतं मला, दिवसभर मुलांची वजनंच करते मी. नीट बोल. तिच्याशी काही बोलणं झालं का तुझं?"

दारात गोटी येऊन उभी होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला.

"सांगू शकत नाहीस? मला?"

"नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फ्रॉकपेक्षा हे जास्त लागलं होतं. नवराबायकोंत काही लपवाछपवी नाही, हे ती मैत्रिणींना अभिमानाने सांगायची. सोफावाला मान खाली घालून उभा राहिला. लेकीला दिलेला शब्द पाळावा तर बायको तुटते, आणि बायकोला सांगावं तर लेक. शिवाय शब्द पाळण्याच्या नादात आपण एका उपाशी पोरीचं दुखणं पोटात ठेवलंय, हेही त्याला आता बोचायला लागलं होतं. त्याने मनाशी ठरवलं, शनिवारपर्यंत वाट बघायची नाही. रात्रीच्या जेवणाआधी लेकीसमोर बसायचं आणि म्हणायचं, गोटे, मी दिलेला शब्द मला परत दे.

तेवढी वेळ आली नाही.

"त्याला बोलू नकोस," गोटी म्हणाली. दाराची चौकट तिने दोन्ही हातांनी धरली होती. "त्याने शब्द दिलाय म्हणून तो सांगत नाहीये. मीच सांगते."

आणि तिने सांगितलं. जाळी नव्हती, आडोसा नव्हता, आई समोर बसून तोंडाकडे बघत होती. अंडं, पिंप, मैत्रिणीचा पाव, पायरी, सगळं. मध्ये दोनदा अडली. सोफावाल्याला पुढे होऊन वाक्य पुरं करावंसं वाटलं, पण तो जागचा हलला नाही.

ऐकता ऐकता आईने तिला जवळ ओढलं होतं आणि सवयीने मनगट हातात घेतलं होतं. नाडी बघायची सवय. मग ती सवय बाजूला राहिली आणि तिने ते मनगट नुसतंच धरून ठेवलं.

"दवाखान्यात येणाऱ्या बायकांना मी रोज सांगते," ती म्हणाली, "पोरांना पोटभर खाऊ घाला, वाढत्या वयाचं अंग आहे." पुढचं तिला जमेना.

"तू रागावलीस?" गोटीने विचारलं.

"तुझ्यावर नाही गं." तिने फ्रॉकची काख बोटांनी चाचपली. "मला बसला होता हा. अगदी बेतलेला. सगळे म्हणाले, काय छान बसलाय." तिने फ्रॉक मांडीवर सुलटा केला. "कसा बसला होता, ते मी विसरले होते. तुझ्या आजीने माझा दूधपाव बंद केला होता. मी रात्री पाणी पिऊन झोपायचे. मिस्सात पहिल्यांदा जिभेवर प्रसाद ठेवला तेव्हा येशू आला म्हणून नाही, काहीतरी खायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही."

सोफावाल्याने मान वर केली. लपवाछपवी नाही म्हणणारी बायको हे इतकी वर्षं एकटी बाळगून होती. त्याला तिची फार माया वाटली. तो पलीकडे जाऊन तिच्याशेजारी बसला.

"मग आजीला पाप लागलं?" गोटीने विचारलं.

"तिला कुणी सांगितलंच नाही ना," आई म्हणाली. "तू मला सांगितलंस."

त्या संध्याकाळी बटाटे झाले, अंडी झाली, पाव झाला. गोटीने एक अंडं संपवून दुसऱ्याकडे बघितलं, आणि मग आईकडे. आईने काही न बोलता ते तिच्या ताटात सरकवलं.

फ्रॉकला लावलेल्या पट्ट्या आईने काढल्या नाहीत. टाके मात्र सगळे उसवून पुन्हा घातले. "सोफ्याचे टाके माझ्या लेकीच्या अंगावर नकोत," असं तिने नवऱ्याला ऐकवलं, आणि त्यानेही ते आनंदाने ऐकून घेतलं. दोन पांढऱ्यांतला फरक तिने झाकायचा प्रयत्न केला नाही. धाकट्या मावशीने फोनवर विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, "पोरगी वाढतेय, म्हणून फ्रॉक वाढवला."

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये मुलांची रांग लागली होती. केस चापून बसवलेली पोरं, एकमेकांना कोपराने ढोसत, पुन्हा पुन्हा बोटांवर पापं मोजत. गोटी आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. वेदीसमोर गुडघे टेकून तिने आपलं प्रायश्चित्त पुरं केलं आणि बाकावर बाबाच्या शेजारी येऊन बसली. दुसरी एखादी वेळ असती तर आईने तिला प्रश्न विचारून हैराण केलं असतं. फादर काय म्हणाले, तू काय म्हणालीस, काही विसरली नाहीस ना. आज तिने नुसता लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती उठली.

सोफावाल्याला वाटलं, ती बाहेर चालली. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मोठ्यांची वेळ वेगळी होती. पुढची पोरं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली. एकाने बाजूला होऊन तिला वाट करून दिली, बाई चुकून मागे राहिल्यात असं समजून. तिने मान हलवून नको म्हटलं. दवाखान्याची पर्स छातीशी धरून, कमरेइतक्या उंचीच्या त्या पोरांच्या मागे ती आपल्या पाळीची वाट बघत राहिली. रांग एकेका पावलाने सरकत होती आणि तीही सरकत होती.

"आई काय सांगेल?" गोटीने हळूच विचारलं.

"ते आपण विचारायचं नसतं."

गोटीने ते मान्य केलं. मग आईच्या आत जाण्याची वाट बघत ती पाय हलवत बसली. शेवटी आई आत गेली आणि दार लागलं. चर्चमधली पोरं एकेक करून घरी गेली. खिडक्यांतला उजेड कमी झाला, पण दार उघडेना. सोफावाल्याने चुळबुळत घड्याळाकडे पाहिलं.

"भूक लागली तुला?" त्याने विचारलं.

"खूप," गोटी मोठ्याने म्हणाली. रिकाम्या चर्चमध्ये ते पार पुढेपर्यंत ऐकू गेलं. मग ती बाबाच्या हाताला टेकून नीट बसली. "पण तिला घाई नको करायला. होऊ दे तिचं."