तीन सेकंदांचा चेहरा

मला तालमीतून काढायची भाषा! चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, मग बारा वर्षं मालिकेत सासू होऊन रोज सुना छळल्या, आणि ही तिशीतली दिग्दर्शिका मला म्हणते, "बाई, उद्या दुपारच्या तालमीत जमलं नाही, तर मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खोटं कशाला बोलू, पोरीचं काही चुकत नव्हतं. मालिकेत एक वाक्य टाकलं की तीन सेकंद चेहरा तसाच धरून ठेवायचा. तेवढ्यात कॅमेरा घरातल्या सगळ्यांची थोबाडं दाखवून येतो. बारा वर्षांत ते अंगात इतकं मुरलं, की नाटकाच्या तालमीतही मी मुलाला "चालता हो!" म्हणायची आणि भुवई चढवून उभी राहायची. कॅमेरा कुठला यायला! समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

आणि मला हे काम हवंच होतं. मालिका काय, एक बंद पडली की दुसरी मिळते. असं नाटक सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा दारात येत नाही.

घरी येऊन धाकट्या बहिणीसमोर आदळआपट केली. ती मटार सोलत बसली होती.

"झालं तुझं? आता वाक्यं म्हण," ती म्हणाली.

मी म्हणायला लागले. जरा थांबले की पुढचं वाक्य हीच म्हणून टाकायची, तेही बाजाराची यादी वाचावी तशा आवाजात.

"अगं, ते माझं वाक्य आहे!"

"मग बोल की! वाट कुणाची बघतेस, ताई?"

अशी चिडले म्हणता! संध्याकाळपर्यंत तिला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उभी राहिले ती सुटलेच. आवाज थेट शेवटच्या रांगेत. वाक्यामागून वाक्य, मध्ये श्वासापुरती फट. मुलाला "चालता हो!" म्हटलं. आता त्याचं वाक्य. पण छे, सगळं चिडीचूप. वळून बघते तर माझ्या मुलाचं काम करणारा नट ओठ थरथरवत, डोळे विस्फारून उभा! तोही मालिकेतलाच. इतके दिवस माझ्या थांबण्यात त्याचं थांबणं खपून जात होतं.

दिग्दर्शिका उठून उभी राहिली. "बाई, तुमचं काम पक्कं. यांचं मात्र मला बघावं लागेल."

तो बिचारा पांढराफटक पडला. मला आधी हसू आलं, मग आठवलं, काल त्याच्या जागी मी होते.

"मला किती वेळ दिला होतास गं?" मी विचारलं.

"एक दिवस."

"मग त्यालाही दे. आणि आता खाली बस, आमची तालीम चालू आहे."

ती बसली.