नाश्त्यात गेलेले सहा मिलिमीटर

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांनी उभा जन्म दुसऱ्यांचे काटे तपासण्यात घालवला होता. दुकानदार म्हणाला, बसा साहेब, चहा घ्या, की ते बसत, चहा घेत, कप खाली ठेवत आणि त्याच दुकानदाराचा काटा जप्त करत. चहा मात्र चांगला झाला होता, असं जाताना आवर्जून सांगत. अशा माणसाच्या घरात दोन दिवस थीम पार्कला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सहलीचंही तेच केलं जे ते सगळ्याचं करत. ती मोजायला घेतली.

तिकिटाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तिकिटाचा दर पाटीवर लिहिलेला असतो आणि पाटी बघूनच माणूस आत जातो. त्यांना खुपत होतं ते आतलं खाणं. बाहेरचं काही आत न्यायचं नाही, पाण्याची बाटली तेवढी चालेल, असा पार्कचा नियम होता. आणि आत लोणी लावलेल्या दोन पावांना जो भाव होता तो वाचून निरीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. पार्कवाले पाव विकत नाहीत, ते भूक विकत घेतात, असं त्यांनी घरात जाहीर केलं. म्हणजे भूकच बरोबर न्यायची नाही.

ज्या लॉजवर उतरायचं होतं तिथे सकाळी साडेआठ ते दहा नाश्ता फुकट होता, हवा तितका. आता प्रश्न एवढाच की हवा तितका नाश्ता केला तर तो पुरतो किती वेळ? निरीक्षकांनी चौकशी केली, तर हे आजवर कुणी मोजलंच नव्हतं. त्यांना नवल वाटलं. माणसं रोज खातात आणि रोज भुकेजतात, आणि मधला वेळ किती याची कुणाकडे नोंद नाही.

मग महिनाभर घरात प्रयोग चालले. प्रयोगाला त्यांची धाकटी बहीण होती. ती पोस्टाच्या काउंटरवर बसायची, चार घरं सोडून राहायची, आणि तिची भूक इतकी वक्तशीर होती की तिच्या ऑफिसातली माणसं तिच्या डब्यावरून घड्याळं लावत. घरात सगळे तिला आत्याच म्हणत. निष्कर्ष असे निघाले: जॅम-पाव एक तास दहा मिनिटं. केळं पन्नास मिनिटं. उकडलेलं अंडं दोन तास. दोन अंडी मात्र चार तास नव्हे, तीन तास वीस मिनिटं. उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे, याचा निरीक्षकांना शेवटपर्यंत थांग लागला नाही. ओटची लापशी तीन तास टिकली, पण ती खाऊन आत्या इतकी फुगून बसली की भूक कुठली आणि राग कुठला हे वेगळं काढता येईना. तो प्रयोग बाद धरला.

सगळं हिशेबात धरून योजना ठरली. नाश्त्याला सव्वानऊला बसायचं आणि दहाला, भांडी उचलायला आलेल्या माणसाच्या नजरेला नजर न देता, उठायचं. भूक अडीचच्या पुढे लागेल. तेव्हा पार्कात एकच जेवण. संध्याकाळी लॉजच्या खोलीत किटलीवरचं सूप, बाहेरून आणलेला पाव आणि फळं. निरीक्षकांच्या बायकोनं हे सगळं मशीनवर शिवता शिवता ऐकलं आणि दोरा तोडून विचारलं, की या योजनेत मजा कितीला बसते. निरीक्षकांनी ते तपासून सांगतो म्हटलं.

मुलगी अकरा वर्षांची. घरातलं नाव चिमटी, आणि ते तिला अजिबात आवडत नसे. तिला खाण्यापिण्याचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: गरुडझेप. पाय लोंबकळत ठेवून माणसाला आकाशात दोनदा उलटं करणारी ती गाडी. त्या गाडीला अट होती, उंची एकशे चाळीस सेंटिमीटर. गेले सहा महिने चिमटी दाराच्या चौकटीला लोंबकळत होती. बाबा असल्या गाडीत बसणार नव्हते. ज्या वस्तूचा ओळंबा सरळ नाही तिच्यावर बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आईला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. बसेन म्हणून शब्द दिला होता तो आत्यानं.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला आईनं चिमटीला भिंतीशी उभं करून टेप लावली. बरोब्बर एकशे चाळीस. आईच्या टेपवर शंका घ्यायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात निरीक्षकांनी ती खात्याच्या पोलादी पट्टीशी ताडून पाहिली होती, आणि बायको ते अजून विसरली नव्हती.

पार्कातला पहिला दिवस. नाश्ता योजनेप्रमाणे पार पडला. लॉजवाला शेवटी शेवटी त्यांच्याकडे कौतुकानं बघू लागला होता. पावणेअकराच्या सुमारास चौघं पार्कच्या दाराशी पोचली.

दाराशी एक मोजपट्टी उभी होती आणि तिच्याजवळ टोपी घातलेली एक मुलगी. मुलांना पट्टीखाली उभं करायचं, एकशे चाळीस आणि वर असेल तर मनगटाला नारिंगी पट्टा, खाली असेल तर निळा. पट्टा दिवसभराचा. निळ्याला गरुडझेप बंद. मात्र निळ्याला आतल्या सगळ्या काउंटरवर लहान ताट अर्ध्या किमतीत. चिमटीनं चपला काढल्या, पाठ टेकली, श्वास आत घेतला.

"एकशे एकोणचाळीस पॉइंट चार," टोपीवाली म्हणाली आणि निळा पट्टा उचलला.

चिमटीनं बाबांकडे बघितलं. निरीक्षक पुढे झाले. त्यांनी खिशातून पट्टी काढून मोजपट्टी तपासली, पाया तपासला, बुडाशी पाणसळ लावून पातळी बघितली. मागची रांग खोळंबली. मोजपट्टी निर्दोष होती, आणि त्यांनी तसं टोपीवालीला शाबासकी दिल्यासारखं सांगितलं. पट्टा निळाच बांधला गेला.

दुपारी पावणेतीनला लहान ताट आलं तेव्हा निरीक्षकांना राहवलं नाही. त्यांनी खिशातल्या काट्यावर ते टांगून पाहिलं. मोठ्या ताटापेक्षा फक्त बारा ग्रॅम कमी होतं, कारण भात वाढायचा डाव दोन्हींना एकच होता. अर्ध्या किमतीत जवळजवळ पूर्ण ताट. त्यांचा चेहरा असा उजळला की बायकोला वाटलं, यांना आता बढती मिळाली.

चिमटी जेवली नाही. आत्या तिला घेऊन गरुडझेपेच्या दाराशी जाऊन आली होती. तिथल्या माणसानं मुलीकडे बघितलंच नव्हतं, मनगटाकडे बघून मान हलवली होती. आत्यानं पोस्टाच्या काउंटरवरची सगळी भाषा वापरून पाहिली. माणूस पोस्टात कधी गेलेला नसावा.

चिमटीनं रडणं-बिडणं केलं नाही. तिनं भाताचं शीत बोटानं ताटाच्या कडेला सरकवत विचारलं, "बाबा, निघताना मी एकशे चाळीस होते. आईची टेप बरोबर आहे. इथली पट्टी पण बरोबर आहे. मग सहा मिलिमीटर गेले कुठे?"

असा प्रश्न निरीक्षकांना गेल्या वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते सरसावून बसले. त्यांनी सांगितलं, की पाठीच्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. रात्रभर आडवं झोपलं की त्या फुगतात, दिवसभर उभं राहून, बसून त्या दबतात. म्हणून माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. त्यातही निम्मी घट अंथरुणातून उठल्यावर पहिल्या तासाभरातच होते. दुकानातल्या काट्याची स्प्रिंग दबते तशातलाच प्रकार. चिमटीनं मन लावून ऐकलं.

"पार्क उघडतं किती वाजता?"

"साडेआठला."

"आणि आपण नाश्ता करत होतो दहापर्यंत." तिनं ताट पुढे सारलं. "म्हणजे माझे सहा मिलिमीटर तुमच्या अंड्यांत गेले."

आत्याचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला. तिच्या बाबतीत असं क्वचित व्हायचं.

निरीक्षकांनी काटा खिशात ठेवला. त्यांनी पावाची भूक मोजली होती, केळ्याची मोजली होती, ताट टांगून पाहिलं होतं; पोटची पोर घड्याळाप्रमाणे घटते हे त्यांना अक्षरशः पाठ होतं, आणि तेच तेवढं त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. एखाद्या वाण्याकडे ही चूक सापडली असती तर त्यांनी पंचनामा केला असता.

संध्याकाळी खोलीत सूप उकळत असताना उद्याचा विषय निघाला. निघाला म्हणजे आईनं काही न बोलता चिमटीला भिंतीशी उभं केलं, टेप लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला: एकशे एकोणचाळीस पॉइंट एक. उद्या शेवटचा दिवस. दार उघडताना पोचायचं तर लॉजचा नाश्ता चौघांचाही बुडणार. भुकेल्या पोटी पार्कात शिरायचं, म्हणजे पार्कवाल्यांना हवं तेच. आणि पोरगी नारिंगी ठरली तर अर्ध्या किमतीचं ताटही गेलं. महिन्याभराचं संशोधन पाण्यात. निरीक्षकांनी हे सगळं बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, दादा, मी उपाशी आले तर मला आवरायला माणूस ठेव.

मग निरीक्षक उठून चिमटीच्या खाटेशी गेले आणि तिला म्हणाले, की नुसतं लवकर जाऊन भागणार नाही. लॉज ते पार्क पंचवीस मिनिटं. गाडीत बसल्यावर मणका उभं राहण्यापेक्षा जास्त दबतो. वर रांग. पोचेपर्यंत कमाई खलास. चिमटीचा चेहरा पडला.

"म्हणून," निरीक्षक म्हणाले, "तू उभी राहायचंच नाहीस. बसायचंही नाहीस."

चिमटी त्यांच्याकडे बघत राहिली. आई सूप ढवळायची थांबली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला खर्चाची बाजू हिरिरीनं मांडताना पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि तिला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

सकाळी चिमटी जागी झाली ती आडवी, आणि आडवीच राहिली. दात आडवे पडून घासले. आईनं पातेलं धरलं. बाबांनी आणि आत्यानं तिला चादरीच्या झोळीतून जिन्यानं खाली आणलं. नाश्त्याच्या खोलीतून ताज्या पावाचा वास येत होता. आत्यानं तोंड फिरवलं. गाडीची मागची सीट पाडून ठेवली होती. लॉजवाला धावत बाहेर आला, काय झालं, डॉक्टर बोलावू का म्हणाला. निरीक्षकांनी गंभीरपणे सांगितलं, की काही झालेलं नाही आणि होऊ नये म्हणूनच हे चाललंय.

पार्कच्या वाहनतळावरून झोळी निघाली तसा पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली आणि दोन मिनिटांत प्रथमोपचाराची बाई चाकांचा स्ट्रेचर घेऊन हजर झाली. चिमटीला त्याच्यावर ठेवेपर्यंत बाई नाडी, डोळे, जीभ सगळं बघून मोकळी झाली. पोरगी ठणठणीत होती. निरीक्षकांनी बाईला गाद्यांचं शास्त्र समजावलं. बाई आता स्ट्रेचर काढून घेणार असं आत्याला वाटलं. बाई म्हणाली, की गाद्यांचं खरं आहे, दवाखान्यात असताना आम्ही पेशंटची उंची नेहमी सकाळीच घ्यायचो. पण एवढी काळजी घेणारं गिऱ्हाईक पहिलंच. आणि स्वतः ढकलू लागली.

पेशंट म्हणून तिनं त्यांना सरळ पुढे नेलं असतं. निरीक्षकांनी नकार दिला. पेशंट नाही तर रांग. तिघं आणि बाई रांगेत उभी राहिली, चिमटी रांगेत पडून राहिली. पुढचे वळून बघत होते, मागचे विचारत होते. निरीक्षक प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. थोड्या वेळानं मागच्या एका गृहस्थानं खांद्यावरच्या मुलाला खाली उतरवून मुकाट्यानं दोन्ही हातांवर आडवं धरलं. त्याच्या मागच्या बाईनं आपल्या मुलीला बाकावर निजवलं.

टोपीवाली मुलगी कालचीच होती. तिनं स्ट्रेचरकडे बघितलं, निरीक्षकांकडे बघितलं आणि पट्टी वर केली. चिमटी उतरली, दोन पावलं चालली आणि पाठ टेकून उभी राहिली. निरीक्षकांनी पाठ फिरवली. ज्या मापात आपलं हित आहे ते आपण वाचायचं नाही, हा खात्याचा नियम होता. पाठीमागे आत्यानं श्वास रोखलेला त्यांना ऐकू आला. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. टोपीवाली वाकून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून बघत असावी. तसंच बघायला हवं, त्यांच्या मनात आलं, आणि आज तरी तिनं थोडं ढिलं बघावं असंही आलं, ज्याची त्यांना लगेच लाज वाटली.

पट्टा चाप लागून बंद झाल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. पट्टा नारिंगी होता.

"एकशे चाळीस पॉइंट एक," टोपीवाली म्हणाली. "पुढचे या."

चिमटी आत्याचा हात धरून जी पळाली ती आपल्या गाद्या किती दबताहेत याची काडीची फिकीर न करता. प्रथमोपचाराच्या बाईला जायला पाहिजे होतं, पण ती थांबली. निरीक्षक आणि त्यांची बायको गरुडझेपेच्या खाली जाऊन उभे राहिले. बायकोनं वाटेत दोन लोणी-पाव घेतले होते, पाटीवरच्या भावानं. निरीक्षकांनी त्यांतला एक हातात घेतला आणि खायला सुरुवात केली, नजर वरच.

गाडी टेकाडावर चढली, क्षणभर थांबली आणि सुटली. डोक्यावरून चौसष्ट पाय लोंबकळत, किंचाळत गेले. निरीक्षक एकेक जोडी बघत होते. बूट, चपला, अनवाणी पाय, पुन्हा बूट. खालून त्यांतले लहान कुठले आणि मोठे कुठले, काही केल्या सांगता येईना.

"ती कुठली गं?" त्यांनी विचारलं.

बायकोलाही कळलं नव्हतं. गाडी वळसा घेऊन परत येत होती. निरीक्षकांनी पावाचा हात उंच केला आणि सगळ्यांनाच हलवून दाखवला.