कोपऱ्यातल्या टेबलावरची चहादाणी

चहा ओतून झाला की माझ्या तोटीच्या ओठाखाली एक थेंब लटकून राहतो. तो लगेच पडत नाही. आधी गोल असतो, मग लांबट होतो आणि स्वतःचं वजन पेलेनासं झालं की सुटतो. खालच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग उमटतो. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की जणू मी हे मुद्दाम केलं. माझा ओठ जरा जाड आणि गोलसर आहे, त्यामुळे धार स्वच्छ तुटत नाही, एवढंच त्याचं कारण. पण कारण विचारतो कोण?

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे. पुण्याच्या कॅम्पात एका बंगल्याच्या तळमजल्यावर इंग्रजी पद्धतीचं चहाघर आहे, तिथे मी काम करते. आमचा वेटर उत्तरेश्वर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "ही थेट इंग्लंडहून आणलीय." खरं तर माझा जन्म जयपूरजवळच्या एका कारखान्यातला. पांढरी माती आणि हाडांची राख मळून मला साच्यात ओतलं, भट्टीत भाजलं आणि अंगावर निळी फुलं काढली. मला उजेडासमोर धरलंत तर पलीकडच्या बोटांची सावली दिसेल, इतकं माझं अंग पातळ आहे. फक्त ओठ तेवढा जाड राहिला.

हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत मी पुण्यात आले. मालकीणबाई काही वर्षं इंग्लंडात राहून आलेल्या. दुपारचा चहा तिथल्यासारखाच मिळायला हवा, असा त्यांचा आग्रह. तीन मजली ताटलीत खाली काकडीचे सँडविच, मध्ये स्कोन नावाचे जाडसर पाव, वर केक. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. कंपन्यांमधली मुलंमुली शनिवारी यायची, मला मध्ये ठेवून फोटो काढायची.

मात्र माझं काम कोणी समजून घेतलं नाही. पानांवर उकळतं पाणी पडलं की चार मिनिटं थांबायचं आणि लगेच ओतायचं. उशीर झाला तर पानांतला तुरटपणा पाण्यात उतरत राहतो आणि मग कितीही साखर घाला, तो निघत नाही. लोक मात्र गप्पा मारत बसतात. मला शिट्टी नाही. पोटात चहा कडू होत असतो आणि मी गप्प. शेवटी घोट घेऊन म्हणतात, "ह्यापेक्षा आपला आल्याचा बरा." दरम्यान माझ्या झाकणाचा टवका उडाला आणि माझी रवानगी कोपऱ्यातल्या टेबलावर झाली.

त्याच टेबलावर पृथ्वीराज पहिल्यांदा आला, दिवाळीच्या थोडं आधी. हिंजवडीच्या जुन्या शेतकरी घरातला हा मुलगा. सोबत त्याची आई मुक्ताबाई आणि थोरली बहीण तेजस्विनी. तेजस्विनी कोथरूडच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यांचे वडील आप्पासाहेब वारले होते आणि त्यांच्या जमिनीसाठी एक बिल्डर थांबला होता. पृथ्वीराजने टेबलावर कागद ठेवला. वडिलांच्या जमिनीवरचा माझा हक्क मी सोडते, असं त्यात बहिणीच्या नावाने लिहिलेलं होतं.

"ताई, सगळ्यांच्याच बहिणी सही देतात," तो म्हणाला. "लोक साडी देऊन मोकळे होतात. मी तुला इथं घेऊन आलो."

"बघते," तेजस्विनी म्हणाली.

मुक्ताबाईंनी कपातला चहा बशीत ओतला.

"आई, इथं बशीत नाही प्यायचा."

"मग ही बशी कशापायी दिलीया?"

तेजस्विनी हसली, पण सही नाही केली आणि नाहीही म्हणाली नाही. माझ्या पोटातला उरलेला चहा काळा पडला.

संक्रांतीनंतर तिघं पुन्हा आली. पंख्याने कागद उडू नये म्हणून पृथ्वीराजने मलाच उचलून कागदावर ठेवलं. तेजस्विनीने चहा ओतून मला परत तिथेच टेकवलं आणि माझा थेंब नेमका सहीच्या जागेवर पडला.

"दहा-दहा हजारांचे बूट घालून येतात लोक इथं, आणि किटली गळकी," पृथ्वीराज पुटपुटला. "आता नवा कागद करावा लागेल."

"परीक्षा संपू दे," तेजस्विनी म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती.

मला तिचाही राग आला. हिचं उत्तर हिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ते बोललं की माहेरचं दार बंद होईल, ही भीती तिला अडवत होती. मित्रांनो, तुम्ही असं करू नका. आम्हा भांड्यांना धुऊन, पुसून, जपून ठेवा, हे तर आहेच. पण आमच्यात जे घालाल ते वेळेवर ओता. फार वेळ आत ठेवलेलं काहीच गोड राहत नाही.

उन्हाळ्यात तिघं तिसऱ्यांदा आली. नवा कागद. पेनाचं टोपण पृथ्वीराजने आधीच काढून ठेवलेलं.

"आता काय कारण आहे, ताई?"

तेजस्विनीने घड्याळ पाहिलं, मला उचललं आणि तीन कप भरले. चहा अगदी नेमक्या रंगावर आला होता. तिने माझ्या ओठाखाली रुमाल धरला आणि थेंब टिपून घेतला. इतक्या वर्षांत हे कोणीच केलं नव्हतं.

मुक्ताबाईंनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला. "आज चांगला हाय," त्या म्हणाल्या. मग बशीकडेच बघत म्हणाल्या, "म्या बी दिली व्हती सही, माझ्या भावाला. साडी इटून गेली."

"आई, तू मध्ये पडू नकोस." पृथ्वीराजचा चेहरा ताठ झाला. "ताई, सही करायची नसेल तर तसं सांग. आणि मग भाऊबीजेला यायचं की नाही, तेही आत्ताच ठरवून टाक."

तेजस्विनीने पेनाला टोपण लावलं.

"भाऊबीजेला मी येणार आहे, पृथ्वी," ती म्हणाली. "सही करणार नाही."