चादरीचं दुसरं टोक

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, जागा आहे. आज राजाची गोष्ट नाही आणि ऋषीची तर नाहीच नाही. एका पोरीची आहे, आणि तिला लिहायच्या असलेल्या एका निबंधाची. पण मन लावून ऐकाल तर रित्या हातांनी उठणार नाही, एवढं मी सांगून ठेवतो.

एका गल्लीच्या तोंडाशी धुलाईचं दुकान होतं. लॉजच्या आणि दवाखान्याच्या चादरी गाठोडी भरून यायच्या. खाली धुण्याची यंत्रं दिवसभर घुमायची, वर गच्चीत दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळायच्या. दुकान बाबांचं, आणि गेल्या वर्षापर्यंत आईचंही. आई आजारात गेली. मागे राहिले बाबा, त्यांची थोरली बहीण आणि लेक. ही लेक लहानपणी एकदा उभी राहिली की जागची हलायची नाही, म्हणून आत्याने तिला खुंटी म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

खुंटीला यंत्रांचं शिक्षण घ्यायचं होतं. घरची यंत्रं बिघडली की तीच आत डोकं घालून बसायची. लांबच्या एका कॉलेजात जायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मार्क उत्तम होते, पण ते कॉलेज नुसत्या मार्कांवर घेत नसे. अर्जासोबत एक निबंध मागायचं. तुम्हाला घडवणारं काहीतरी लिहा, जे फक्त तुम्हीच लिहू शकाल. शनिवार संध्याकाळपर्यंत पाठवा.

शाळेतल्या बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "तुझ्याकडे विषय आहेच की गं. आईचं आजारपण लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आत्यानेही मान डोलावली. "एवढं सोसलंस, त्याचा काही उपयोग तरी होऊ दे."

खुंटीने लिहिलं. नळ्या, औषधांचा वास, रात्रीची जागरणं, सगळं लिहिलं. बाईंनी वाचून चष्मा काढला, डोळे पुसले. "झालं तुझं काम," म्हणाल्या.

पण घरी आल्यावर खुंटीला घास जाईना. तिची आई विंचरल्याशिवाय दारात उभी राहायची नाही. शेवटी शेवटी तर भेटायला आलेल्यांनाही बाहेरूनच परत पाठवायला सांगायची. आणि त्या आईला आपण दवाखान्याच्या झग्यात, कोण कुठल्या परक्या माणसांपुढे निजवलं? शिवाय दुसरी गोष्ट तिला टोचत होती. ज्याचं माणूस आजारी पडलं असेल, तो कुणीही हे लिहील. फक्त तीच लिहू शकेल असं त्यात काय होतं?

गुरुवारी ती बाईंकडे गेली. "हा निबंध मी देणार नाही."

"मग कुठला देणार?"

"माहीत नाही अजून."

"परवा शनिवार आहे, बाई माझे."

"हो."

मग विषयांचा शोध सुरू झाला. वक्तृत्वाचं बक्षीस? ते शंभर पोरांना मिळतं. पोहायला शिकणं? ती अजून नाक धरूनच पाण्यात उतरायची. आत्या खुर्चीवर पाय ताणून बसली होती, गुडघा टम्म सुजलेला. म्हणाली, "माझ्या गुडघ्यावर लिही. त्यानेही पुष्कळ सोसलंय."

"लिहिलं असतं. पण वर्णन करकरून तू तो आधीच सगळ्या गल्लीला पाठ करून दिलायस."

आणि इथेच, मायबाप, लक्ष द्या. या गुडघ्यानेच काम केलं. आई गेल्यापासून चादरींच्या घड्या आत्या घालू लागायची, कधी बाबांबरोबर, कधी खुंटीबरोबर. आता आत्या गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. शुक्रवारी दुपारी गच्चीत बापलेक पहिल्यांदाच एका चादरीच्या दोन टोकांना उभे राहिले.

चादर झटकली. लांबीत दुमडली. दोघांनी ताणली. आणि मग दोघेही थांबले.

चादर मध्ये झोळीसारखी लोंबत होती. बाबा तिच्याकडे बघताहेत, ती बाबांकडे.

"ये ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही या."

"मी कुठे येतो? मी धरून उभा राहतो."

"मीपण धरूनच उभी राहते."

आत्याला हसू फुटलं. "घ्या. एक खुंटी होती, आता दोन झाल्या. घडी राहू दे, त्यांच्यावर कपडेच वाळत घाला." आणि बोलता बोलता तिचं हसू मावळलं.

तिघांनाही एकदमच उमगलं. या घरात चालत यायची ती आई. बाबांबरोबर घडी घालताना तीच पुढे यायची, आपली टोकं त्यांच्या हातात द्यायची, वाकून लोंबती घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायची. खुंटीबरोबरही तसंच. नंतर आत्या आली, पण आत्याला कुठला धीर, ती धावतच यायची, म्हणून हे कधी उघडं पडलं नाही. आणि चादरीचंच कशाला? बापलेकीत अबोला झाला की दोघं दोन खोल्यांत बसायची, आणि आईच चहाचा कप घेऊन इकडून तिकडे जायची. दोघांनाही वाटायचं, आधी समोरचाच आला.

खुंटीने पाऊल उचललं. गच्ची केवढीशी, पण एवढं अंतर ती आजवर कधी चालली नव्हती. तिने टोकं बाबांच्या हातात दिली, वाकून घडी उचलली.

"बाबा, विषय सापडला."

बाबांचा चेहरा उतरला. "आईचं आजारपण?"

"आईचं चालणं. आणि आपलं उभं राहणं."

बाबांनी चादरीची कड सारखी केली. "म्हणजे माझंही येणार त्यात?"

"येणार. राग येईल?"

"येईल थोडा," बाबा म्हणाले. "तू लिही."

शनिवारी सकाळी बाईंनी नवा निबंध वाचला. या वेळी चष्मा काढला नाही. "हे फार साधं आहे गं. पहिला हमखास चालला असता. याची मी खात्री देत नाही."

"मीही देत नाही. पण हाच पाठवायचा."

"उगाच नाही तुला खुंटी म्हणत," बाई म्हणाल्या, आणि निबंध तिच्यासमोरच अर्जाला जोडला.

कॉलेजने तिला घेतलं. देवाची कृपा म्हणा, पोरीचा हट्ट म्हणा, मला तरी दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

निघायच्या दिवशी वळकटीत घालायला बाबांनी एक स्वच्छ चादर काढली. दोघं दोन टोकांना उभी राहिली. लांबीत दुमडली, ताणली. खुंटी पाऊल उचलणार, तेवढ्यात बाबाच चालत आले. तिच्या हातात टोकं दिली आणि कण्हत वाकून लोंबती घडी उचलली.

"अशीच करायची ना ती?"

"जरा घाईने करायची."

"शिकेन," बाबा म्हणाले, आणि पुन्हा मागे जाऊन उभे राहिले.

तर मायबाप, आता घरी जाल, कुणाबरोबर तरी अंथरुणाची घडी घालाल. तेव्हा टोक घेऊन जे माणूस आपल्याकडे चालत येतं, त्याच्याकडे एकदा नीट बघा. आणि रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. तिचं नाव मी सांगितलं नाही. देवाला ठाऊक आहे.